मुक्ताबाईचे चौदा कागद

एसीचं पाणी गळलं नसतं, तर शुभ्राने मुक्ताबाईच्या खाटेखाली हात घातलाच नसता.

अठ्ठ्याण्णव सालचा जून होता. शारजात अल मजाजच्या एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. व्हिसा रिन्यूअलच्या मेडिकलसाठी शुभ्राने त्या दिवशी सुट्टी घेतली होती. तिचा नवरा निनाद साइटवर गेलेला. घरकामाला असलेली मुक्ताबाई सात वर्षांच्या आभाला घेऊन स्कूल बसपाशी खाली गेलेली. तेवढ्यात मुक्ताबाईच्या खोलीतून टप टप ऐकू आलं. विंडो एसीचं पाणी भिंतीवरून ओघळत सरळ खाटेखाली चाललं होतं. शुभ्राने वळकटी उचलली, कापडी बॅग ओढली, आणि बॅगेमागून एक लांब काळी प्लॅस्टिकची नळी घरंगळत तिच्या पायाशी आली.

आर्किटेक्ट लोक नकाशे ठेवतात तसली ट्यूब. झाकणावर पांढऱ्या शाईत ‘नि. व.’ म्हणजे निनाद वर्टीकर. अक्षरही त्याचंच.

शुभ्रा दुबईतल्या एका विमा कंपनीत मरीन क्लेम्स बघायची. बोटीतून आलेला माल भिजला, फुटला, गहाळ झाला की कागद तिच्या टेबलावर यायचे. माल समुद्राच्या पाण्याने भिजला की गोदामातल्या नळाच्या, इथपासून ती सुरुवात करायची. क्लेम आधी खोटा धरायचा आणि मग खरा ठरेपर्यंत तपासायचा, ही नऊ वर्षांची सवय होती. नवऱ्याची ट्यूब बाईच्या खाटेखाली का, हा प्रश्न पडल्यावर झाकण न उघडता ती परत ठेवणं तिला जमणार नव्हतं.

आत चौदा कागद होते. कडा पिवळ्या पडलेल्या. पहिला उलगडला आणि तिने हात मागे घेतला. बाई होती. अंगावर चिंधी नाही. दुसऱ्यावरही बाई, तिसऱ्यावरही. बसलेली, उभी, कुशीवर निजलेली. कुठे कोळशाने काढलेली, कुठे पेन्सिलीने. तोंड कुठे वळवलेलं, कुठे नुसता अंडाकार. आणि अंग तेच, सगळीकडे एकाच बाईचं.

लिफ्ट वर येत असल्याचा आवाज आला. शुभ्राने कागद घाईघाईने गुंडाळले आणि ट्यूब कोरड्या कोपऱ्यात उभी केली. मुक्ताबाई दारात आली तेव्हा ती फरशी पुसत होती.

“अगोबाई, ताई, तुम्ही कशाला? मी आले असते ना,” म्हणत मुक्ताबाईने फडकं घेतलं. घेताना तिची नजर आधी खाटेखाली गेली, मग कोपऱ्याकडे, आणि तिथेच जरा थांबली. शुभ्राने ते पाहिलं.

मुक्ताबाई दहा महिन्यांपूर्वी आली होती. निनाद एकटा मुंबईला गेला होता आणि परत येताना बाई ठरवूनच आला. “माझ्या कॉलेजच्या शेजारी आर्ट कॉलेज आहे ना, तिथे कामाला होती. आता काम नाही तिला. माणूस सोन्यासारखं आहे,” एवढंच तो म्हणाला होता. पन्नाशी उलटलेली, सडपातळ, ताठ. एअरपोर्टवर ट्रॉली सोडून निनादला म्हणाली होती, “काय रे, महिन्याभरात आणखी जाडा झालास!” आणि शुभ्रा दिसताच तिचं ‘साहेब’ झालं होतं. मनात पाल चुकचुकली होती ती तेव्हाच. पण आभा तिला चिकटली, घर आरशासारखं राहायला लागलं, आणि शुभ्राने ते सोडून दिलं होतं.

आता एकेक आठवायला लागलं. बाई बसली की हलायची नाही. वॉचमन याकूब एकदा म्हणाला होता, “मॅडम, आपकी बाई लॉबी में बैठती है तो दीवार का कॅलेंडर हिलता है, वो नहीं हिलती.” आभाही तक्रार करायची, “ममा, शी इज सो वियर्ड. शी डझन्ट इव्हन ब्लिंक!”

पुढचे दहा दिवस शुभ्राने घरात फाइल उघडल्यासारखी नजर ठेवली.

“निनाद, तुझी ती जुनी काळी ट्यूब कुठे रे? ऑफिसात एकाला हवीय.”

“कुठली? ... असेल ऑफिसात. बघतो.” त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते पान त्याचं वाचून झालं नव्हतं.

मुक्ताबाईला तिने चपात्या लाटताना गाठलं. “बाई, कॉलेजात तुम्ही काम काय करायचात?”

“बसायचं.”

“म्हणजे दारावर?”

“आतच,” मुक्ताबाई म्हणाली आणि चपाती उलटली.

एका संध्याकाळी शुभ्रा घरी आली तर किचनमध्ये दोघं हळू आवाजात बोलत होते. किल्ली टाकताच बोलणं तुटलं. निनाद पाण्याची बाटली घेऊन बाहेर आला. “आज शेख झायेद रोडला जॅम नव्हता वाटतं,” असं काहीतरी म्हणाला.

तिने मनात केस जुळवली. कॉलेजातली कुणी मुलगी असणार. तिची चित्रं निनादने काढली, लग्नानंतर टाकवेनात, आणि ती सांभाळायला ही बाई. कदाचित निरोपही हीच पोचवत असेल. यातलं सगळ्यात वाईट म्हणजे हे असले कागद शारजात, आपल्या घरात, मुलीच्या शेजारच्या खोलीत. कुणी पाहिलं, कुणी सांगितलं, तर खलास. बाईच्या व्हिसाचा स्पॉन्सर निनाद. नोकरी जाईल, चोवीस तासांत बॅगा भराव्या लागतील.

आणि तरी ती ते कागद पुन्हा पाहायला गेली. एकदा नाही, तीनदा. मुक्ताबाई आभाला खालच्या बागेत न्यायची तेव्हा.

तिसऱ्यांदा पाहताना तिला एक गोष्ट सापडली. सगळे कागद एका हाताचे नव्हते. बहुतेकांवर वेगवेगळ्या सह्या होत्या, काहींवर नव्हत्या. पण बिनसहीच्या तीन कागदांवर रेघा जिथे मिळतात, कोपरात, गुडघ्यात, खांद्याच्या टोकाला, तिथे त्या थांबत नव्हत्या. एकमेकींना छेदून जराशा पुढे जात होत्या. निनाद भिंत काढायचा ती अशीच. रुमालावर, बिलाच्या मागे, कुठेही. कोपऱ्यावर दोन्ही रेघा बाहेर डोकावणार. “आर्किटेक्टची खोड आहे ती,” तो म्हणायचा.

म्हणजे तीन कागद त्याचे. उरलेले कुणाचे? एकाच बाईला इतक्या जणांनी?

गुरुवारी दुपारी तिचं ऑफिस अर्धा दिवस असायचं. ती घरी आली तेव्हा मुक्ताबाई बाल्कनीत पाठमोरी उभी होती, वरच्या दोरीवर चादर टाकत. दोन्ही हात वर, वजन उजव्या पायावर, कंबर जराशी मुरडलेली. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं वर. घट्ट ब्लाउजमधून पाठीचं हाड सरळ दिसत होतं.

शुभ्रा सोफ्याचा हात धरून उभी राहिली. चौदाही कागदांवर डावा खांदा वर होता. अंग वीस वर्षांनी सुटलं होतं, आटलं होतं, पण हाडांची ठेवण तीच होती.

आता जे मनात आलं ते आधीच्यापेक्षा वाईट होतं. निनाद तेव्हा एकोणीस-वीसचा असेल. ही चौतीस-पस्तीसची.

शनिवारी तिने ऑफिसला फोन करून तब्येत बरी नसल्याचं सांगितलं. आभाची बस गेली, निनाद गेला. मुक्ताबाई भांडी घासत होती. शुभ्रा तिच्या खोलीत गेली, ट्यूब आणली आणि डायनिंग टेबलावर आडवी ठेवली.

“हे काय आहे, बाई?”

मुक्ताबाईने नळ बंद केला. हात पुसले. घाबरलेली वगैरे मुळीच दिसली नाही. “दहा दिवस वाट बघत होते मी, कधी विचाराल म्हणून. तुम्ही कागद उलटे गुंडाळले होते, ताई. कोळसा आतल्या बाजूला ठेवायचा असतो.”

“ही तुम्ही आहात.”

“मीच.”

“उघड्या? इतक्या मुलांसमोर?”

“बावीस वर्षं. सकाळी दहा ते एक. मध्ये पाच-पाच मिनिटं चादर गुंडाळून उभं राहायचं, पाय मोकळे करायला. सरकारी हजेरी होती, ताई, चोरून काही नव्हतं.” मग तिने जाऊन बाल्कनीचा पडदा ओढला, टेबलावरचा फळांचा बाऊल उचलून बाजूला ठेवला आणि झाकण उघडलं. “बघायचीच आहेत तर नीट बघा. अशी चोरट्यासारखी बघितली की काही दिसत नाही.”

शुभ्राला राग आला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलापाशी, बाईने आपल्याला असं सांगावं! पण ती खुर्चीत बसली. संशय होता म्हणून बसली. साक्षीदार बोलायला लागला की त्याला थांबवायचं नसतं.

मुक्ताबाईने पहिला कागद पसरला आणि दोन कडांवर दोन वाट्या ठेवल्या. “तुम्ही तोंड शोधताय. सगळे आधी तेच करतात. तोंड सोडा. हा पोरगा कुठे थांबला ते बघा.”

शुभ्राने बघितलं. मांडीची रेघ पाच-सहा वेळा गिरवलेली, काळी कुळकुळीत. पावलं मात्र नुसती हवेत विरलेली.

“इथेच अडकला,” मुक्ताबाई म्हणाली. “डोळा निघेना त्याचा. घाम फुटला होता पोराला. सर मागून येऊन म्हणाले, ‘पाय कुठे आहेत? ही बाई उभी कशावर आहे?’ सगळा वर्ग हसला. मला नाही हसू आलं. नवीन सगळे असेच असतात.”

दुसरा कागद पेन्सिलीचा. मानेपासून निघालेली बारीक रेघ पाठीच्या मध्यावर आली आणि तिथेच सुटली. पुढे काहीच नाही, कोरा कागद, आणि मग खाली एकदम टाच.

“ही एका मुलीची. काढलीच नाही बघा तिने पाठ. पण तुम्हाला दिसते ना?”

शुभ्राला दिसत होती. नसलेल्या रेघेच्या जागी पाठ होती, गोल, गरम, श्वास घेणारी. तिला ते आवडलं आणि आवडल्याचा संकोच वाटला.

“तुम्हाला कसं कळतं हे?” तिने विचारलं. आवाज अजून कडकच होता.

“बावीस वर्षं ऐकत होते ना. हलायचं नाही, बोलायचं नाही, मग कान उरतात. सर शिकवायचे ते सगळं माझ्याच अंगावर. इथे वजन आहे, इथे रेघ दाबा. इथे उजेड आहे, सोडून द्या. आणि एक सांगायचे, ‘तिला कसं वाटतंय ते रेघेत येऊ दे, तोंडात नको.’ पोरं कागद टाकून जायची. झाडूवालीने न्यायच्या आधी मी उचलायचे. मला वाचता येत नाही, पण कुणाचा हात कुठला ते सांगते.”

शुभ्राने मग स्वतःच ते तीन कागद ओढून वर ठेवले. बोट कोपरावर टेकवलं, जिथे रेघा एकमेकींना छेदत होत्या. “आणि हा हात?”

मुक्ताबाईने सरकलेली वाटी परत कडेवर ठेवली. “तुम्हाला ठाऊक आहे कुणाचा.”

“तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“निनादचा. शेजारच्या कॉलेजातून चोरून यायचा, मागच्या डाँकीवर बसायचा. डाँकी म्हणजे ते लाकडी बाक, पोरं दोन्हीकडे पाय टाकून बसतात ते. वर बघायचाच नाही. पेन्सिल उभी धरून मोजायचा. डोकं किती, धड किती. या दोन कागदांत मी बाई नाही, ताई. जिना आहे.”

शुभ्राला नको असताना हसू आलं. खरंच, दोन्ही चित्रांत बाई पायऱ्यापायऱ्यांनी रचल्यासारखी होती. कुठेही हात थरथरला नव्हता, कुठे रेंगाळला नव्हता. तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

मग तिने तिसरा कागद नीट पाहिला. आतापर्यंत खांद्यावरची ती छेदलेली टोकं दिसली की ती पुढे जायची. या कागदावर छेद तेवढा एकच होता, वर खांद्याशी. तिथून रेघ सुटली होती ती पेन्सिल न उचलता मानेवरून, वाकलेल्या पाठीवरून, खाली बुडापर्यंत, आणि तिथून जमिनीवर टेकलेल्या तळहातात. बाई बसली होती, पण तो हात तिने जमिनीवर असा दाबला होता की जणू खालची जमीन कुणी ओढून नेईल. दुसरं काही नव्हतं. तोंड नव्हतं, छाती नव्हती. शुभ्रा खुर्चीतून पुढे वाकली.

“या दिवशी काय झालं होतं?”

“त्या दिवशी सासूला कळलं मी काय काम करते ते. कुणीतरी चुगली केली. सकाळी माझी वळकटी चाळीच्या पॅसेजमध्ये फेकली. सगळ्या खोल्यांतली माणसं बघतायत. मी तशीच कामावर आले. सांगणार कुणाला? तीस जण होते वर्गात, तिसांनी बसलेली बाई काढली.” तिने कागदाला हात लावला नाही. “यानेच बघितलं मला कुठे जायला जागा नाही ते. वर्ग सुटल्यावर आला, खाली बघून म्हणाला, ‘बाई, तुम्हाला बरं नाहीये का?’ चहा आणून दिला. कागद टाकून गेला. एवढंच, ताई.”

“एवढंच?”

“एवढंच. पुढे कधी वर्गात आलाच नाही तो. अठरा वर्षांनी गेटवर भेटला तेव्हा मी उन्हात बसलेली. गुडघे गेले, तासभर बसवेना, मग काम कोण देणार? ट्यूब त्यानेच दिली, इथे आल्यावर. मी वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते.”

निनाद साडेसहाला आला. आभा खाली दुसऱ्या मजल्यावर ट्यूशनला गेली होती, मुक्ताबाई तिच्यासोबत. टेबलावर तो एकच कागद होता. तो बूट काढता काढता थांबला.

“खोटं का बोललास?” शुभ्राने विचारलं.

“काय सांगणार होतो? की बाई मॉडेल होती, न्यूड पोज द्यायची, आणि तिला आपण आभासाठी ठेवू या? ठेवली असतीस तू?”

शुभ्रा खरं बोलली. “नसती.”

“मग!” तो खुर्चीत बसला. “पण हे आता इथे नको. मी म्हणालो होतो तिला, मुंबईलाच कुणाकडे ठेवा. कुणी बघितलं तर आपली वाट लागेल. जाळून टाकू. उम्म अल कुवैनच्या बीचवर फ्रायडेला कुणी नसतं.”

“तिचे आहेत ते. तू कोण जाळणार?” तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. सकाळपर्यंत तीही हेच करणार होती. मग तिने कागद त्याच्याकडे सरकवला. “हे तूच काढलंस?”

त्याने बराच वेळ बघितलं. “हो.”

“नंतर का नाही काढलंस?”

“नंतर टॉवर काढले. टॉवरला पाठ नसते, शुभ्रा.”

“आणि बायकोला?”

खालून मशिदीची बांग ऐकू आली, संपली. शुभ्राला इतके दिवस भीती होती की या कागदांत वासना निघेल. ती निघाली असती तर भांडता आलं असतं. निघालं ते वेगळंच होतं. या माणसाला असं बघता येत होतं. समोरचं माणूस काही न बोलता कुठे दुखतंय ते त्याला पाठीवरून कळत होतं. आणि दहा वर्षांच्या संसारात, तिचे वडील गेले तेव्हा, आभाच्या वेळी सातव्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये पडून राहिली तेव्हा, त्याने फक्त सगळी कागदपत्रं वेळेवर भरली होती.

“मला कधी असं बघितलंस?”

“बघितलं,” तो पटकन म्हणाला.

“इतक्या लवकर उत्तर आलं की मी क्लेम रिजेक्ट करते.”

तो हसला नाही. कागदाच्या कडेला अंगठा घासत म्हणाला, “मी घाबरलो होतो तेव्हा. हे काढून झाल्यावर वाटलं, एवढं दिसलं तर पुढे करायचं काय? चहा दिला आणि पळालो. परत त्या वर्गात गेलो नाही. नंतर... माणसाकडे बघताना मी थोडा आधीच थांबतो. तुझ्याकडेही.”

शुभ्राला हे उत्तर खरं वाटलं. त्याने बरं वाटलं नाही, पण खरं वाटलं.

कागद जाळले नाहीत. शुभ्राने ट्यूब स्वतःच्या कपाटात साड्यांमागे ठेवली आणि किल्ली स्वतःजवळ. निनाद अस्वस्थ असायचा. दारावर बेल वाजली की आधी कपाटाकडे बघायचा. मुक्ताबाई राहिली. ती निनादला आता शुभ्रासमोरही अरे-तुरे करायला लागली. कधी शुक्रवारी निनाद आणि आभा समुद्राकाठी कोर्निशवर गेले की दोघी पडदा ओढून कागद काढायच्या. शुभ्राला हळूहळू रेघ वाचता यायला लागली. कुणाला घाई होती, कोण कंटाळलेला, कुणी बाईला घाबरत होता, कुणाला ती आईसारखी वाटली होती. पण संशय पुरता गेला, असं तिने कधी म्हटलं नाही. त्या एका कागदापाशी ती नेहमी जरा जास्त थांबायची, आणि मुक्ताबाई तेवढा वेळ दुसरीकडे बघायची.

दोन हजारच्या मार्चमध्ये मुक्ताबाईचे गुडघे अगदीच गेले. भाचीने मुंबईला बोलावलं. शारजा एअरपोर्टवर ट्यूब तिने काठीसारखी हातात धरली होती. आत जायच्या आधी ती झाकण उघडायला लागली. “तो एक कागद तुम्ही ठेवा, ताई.”

“नको. त्यात तुम्ही आहात. मला तो भिंतीवर लावता येणार नाही आणि लपवून आता कंटाळा आलाय.” मग निनाद ट्रॉली परत ठेवायला गेलेला पाहून तिने विचारलंच. “बाई, आता जाताना खरं सांगा. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं ना?”

मुक्ताबाईला हसू फुटलं, इतकं की काउंटरवरचा माणूस बघायला लागला. “मला काय ठाऊक, ताई? मी खिडकीबाहेर बघत होते. मॉडेलने पोरांकडे बघायचं नसतं.”

स्कॅनरपाशी पोलीस बाईने ट्यूब हातात घेऊन फिरवली, काहीतरी विचारलं. शुभ्रा बाहेर काचेला टेकून उभी. मुक्ताबाईने हिंदीत, “घर का कागज है, बेटी,” म्हटलं. पोलीस बाईने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि ट्यूब परत दिली. मुक्ताबाई आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

“गेली?” निनादने येऊन विचारलं.

“गेली.”

दोघं पार्किंगकडे चालायला लागले. आभाची शाळा सुटायला अजून तास होता. निनाद म्हणाला, वाटेत कुठे चहा घेऊ या का, आणि शुभ्रा म्हणाली, “चालेल, पण गाडीत बसून नको. समोरासमोर बसू.”